जेरुशा झिराड, रिबेका रूबेन आणि मंडळाच्या बायका

आक्षीकर

बेने इस्राएल, म्हणजे कोकणातले मराठी बोलणारे ज्यू, म्हटलं की आपल्याकडे गप्पा तीन ठिकाणी जाऊन थांबतात. नवगावच्या किनाऱ्यावर फुटलेलं गलबत, शनवार तेली (शनिवारी घाणा बंद ठेवणारे, म्हणून पडलेलं नाव) आणि सिनेमातला डेव्हिड. फार तर कुणीतरी सुलोचना-नादिरा काढतं. त्या दोघी बगदादी ज्यू, कोकणातल्या नव्हेत, पण ते असो. या समाजातल्या बायकांनी गेल्या शतकात जे काम उभं केलं त्यावर मराठीत क्वचितच कुणी लिहितं, म्हणून हा धागा.

सुरुवात डॉ. जेरुशा झिराड यांच्यापासून. अलिबागहून मांडव्याकडे जाताना झिराड गाव लागतं, आडनाव तिथलं. जन्म मात्र शिमोग्याचा, १८९० चा. शिक्षण पुण्याला हुजूरपागेत आणि मग मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात. डॉक्टर व्हायचं त्यांनी शाळकरी वयातच ठरवलं. थोरली बहीण फार आजारी पडली आणि कामा हॉस्पिटलात डॉ. बेन्सनबाईंच्या हातून वाचली, ते त्यांनी पाहिलं होतं. पुढे त्याच कामा हॉस्पिटलच्या त्या प्रमुख झाल्या. त्या खुर्चीवर बसलेल्या पहिल्या भारतीय त्याच. १९२० च्या दशकाच्या अखेरीपासून १९४७ पर्यंत त्यांनी तो कारभार पाहिला.

मधली वाट सोपी नव्हती. परदेशी शिकायला जायची सरकारी शिष्यवृत्ती तेव्हा पुरुषांनाच मिळायची. जेरुशाबाईंनी टाटांच्या फंडातून कर्जाऊ शिष्यवृत्ती घेतली आणि १९१४ मध्ये लंडन गाठलं. पुढे भारत सरकारचीही शिष्यवृत्ती मिळाली. ती मिळवणारी पहिली बाई याच. महायुद्धाच्या धामधुमीत तिथल्या हॉस्पिटलांत काम करत करत १९१९ ला लंडनची प्रसूतिशास्त्रातली एम.डी. घेतली. हेही भारतीय स्त्रियांत पहिल्यांदाच. १९५० मध्ये देशभरातल्या प्रसूतितज्ज्ञांच्या संस्थांचा महासंघ झाला, त्याच्या पहिल्या अध्यक्ष याच. १९६६ ला पद्मश्री, १९८४ ला निधन.

आता मला खरं सांगायचं आहे ते. डॉक्टर म्हणून नाव होण्याआधीच, १९१३ मध्ये, मुंबईत बेने इस्राएल स्त्रियांचं 'स्त्री मंडळ' सुरू झालं आणि त्यात पुढाकार जेरुशाबाईंचा होता. वय तेवीस, ग्रँटमधून बाहेर पडून जेमतेम वर्ष झालेलं. समाज तेव्हा मुंबईत डोंगरी, उमरखाडी, माझगाव, भायखळा या पट्ट्यात राहायचा. पुरुष कारकून, सुतार, पलटणीतले, रेल्वेतले. बायका घरात. मशिदीत (म्हणजे सिनेगॉगमध्ये, बेने इस्राएल लोक मशीदच म्हणतात) बायकांची जागा वरच्या सज्ज्यात. कारभारात त्यांचं मत कुणी विचारत नसे. अशा वेळी बायकांनी स्वतःची वर्गणी काढून, स्वतःच्या सह्यांनी चालणारी संस्था काढली.

१९२५ मध्ये जेरुशाबाई आणि त्यांची बहीण लिया यांनी मुंबईत 'ज्यूइश रिलिजस युनियन' सुरू केली. इथे स्त्री-पुरुष शेजारी बसून प्रार्थना करत, आणि प्रार्थनेचा काही भाग लोकांना समजेल अशा भाषेत असे. जुन्या मंडळींना ते अजिबात रुचलं नाही.

दुसरी बाई रिबेका रूबेन. मूळ आडनाव नवगावकर. ह्याही हुजूरपागेच्या. १९०५ च्या मॅट्रिकला मुंबई विद्यापीठात पहिल्या आल्या. मुलींत पहिल्या नव्हे, सगळ्यांत पहिल्या. त्या काळच्या वर्तमानपत्रवाल्यांना काय वाटलं असेल! बी.ए., मग शिक्षणशास्त्र शिकायला इंग्लंड, आणि १९२२ पासून १९५० पर्यंत माझगावच्या इस्राएली शाळेच्या मुख्याध्यापिका. ही शाळा हाईम सॅम्युएल केहीमकरांनी १८७५ मध्ये काढलेली. तिला पुढे सर एली कदूरी शाळा हे नाव मिळालं. मुलांसाठी इंग्रजीची वाचनमाला लिहिली, समाजाचं वार्षिक संपादित केलं, आणि अठ्ठावीस वर्षं एकाच शाळेत काढली. त्यांच्या हुशारीच्या बाईला त्या काळी कुठेही जाता आलं असतं.

या दोघींकडे 'थोर महिला' म्हणून हार घालून मोकळं व्हायला मला आवडत नाही. दोघींनी आधी आपल्या चिमूटभर समाजाचं काम घेतलं, आणि ते काम त्या समाजात मावलं नाही, बाहेर सांडलं. कामा हॉस्पिटलात येणाऱ्या बायकांत बेने इस्राएल किती असणार? आणि कदूरी शाळेत आज बहुसंख्य मुलं मुसलमान आहेत. मला यात रस आहे. जाणकारांनी भर घालावी.

टवाळ_कार्टं

लेख छान. पण एक शंका. 'सामाजिक न्याय' वगैरे मोठ्ठे शब्द अजून आले नाहीत, तरी पुढे येणारच म्हणून आधीच विचारतो. आपल्या जातीच्या पोरांना शाळा आणि आपल्या जातीच्या बायकांना शिवणक्लास हे तर त्या काळी प्रत्येक ज्ञातिसंस्था करत होती. सारस्वत, पाठारे प्रभू, भंडारी, सगळे. यात वेगळं काय?

मनुआजी

मी हुजूरपागेची, पण फार नंतरची. आमच्या वेळी शाळेत जुन्या हुशार मुलींची नावं सांगत, त्यात रिबेकाबाईंचं नाव ऐकल्याचं आठवतं. शाळा १८८४ ची. रानडे, भांडारकर, वाघळे ही मंडळी मागे होती. आणि केवढा विरोध झाला होता तेव्हा! मुलींना इंग्रजी कशाला, म्हणून टिळकांनी 'केसरी'तून झोड उठवली होती. त्याच शाळेतल्या मुलीनं वीसेक वर्षांत अख्ख्या विद्यापीठाच्या मुलांना मागे टाकलं, हे वाचून मला आजही गुदगुल्या होतात. आक्षीकर, छान लिहिलंत हो.

डॉ_परळ

कामा हॉस्पिटलबद्दल थोडी भर घालतो. १८८६ मध्ये सुरू झालेलं हे हॉस्पिटल पहिल्यापासून बायकांचं आणि मुलांचं, आणि तपासणाऱ्याही बायकाच. पैसे पेस्तनजी होरमसजी कामांचे. पहिल्या प्रमुख एडिथ पेची. रखमाबाईंना डॉक्टरी शिकायला इंग्लंडला जाण्यासाठी पाठबळ देणाऱ्यांत ह्या पेचीबाई होत्या. म्हणजे जेरुशाबाई आल्या ती खुर्ची नुसती सरकारी नव्हती, तिला आधीपासून एक वळण होतं.

टवाळसाहेब, तुमच्या प्रश्नाला माझ्या धंद्यातून उत्तर देतो. जेरुशाबाईंनी मुंबई शहरातल्या बाळंतिणींच्या मृत्यूंची चौकशी केली. तिचा अहवाल १९४१ मध्ये छापून आला. ही चौकशी म्हणजे काय, ते सांगतो. वॉर्डात बाई दगावली की डॉक्टर केसपेपरवर कारण लिहितो आणि पुढच्या खाटेकडे वळतो. रक्तस्राव. ताप. झटके. चौकशी करणारा मात्र उलटा चालत जातो. बाई हॉस्पिटलात आली तेव्हा कितव्या दिवसाची होती? त्याआधी घरी सुईण होती का? हात कुणी घातला, कशाने? गरोदरपणात एकदा तरी कुणी तपासलं होतं का? हे कितवं बाळंतपण, आधीचं मूल केवढं? घरात किती माणसं, खायला काय? असं मागे मागे गेलं की दहापैकी बऱ्याच मृत्यूंचं कारण हॉस्पिटलाच्या दाराबाहेर सापडतं. आज आपल्याकडे प्रत्येक मातामृत्यूची अशी छाननी करायचा सरकारी नियमच आहे. त्या काळात असा नियम नव्हता.

उपचार करणं ही सेवा. 'ही मेली का आणि टाळता आलं असतं का' हे शहराला लेखी विचारणं ही वेगळी गोष्ट आहे. तुम्हाला त्याला न्याय म्हणायचं नसेल तर दुसरा शब्द सुचवा.

लोदवाली

नमस्कार मंडळी. मी इस्राएलमधल्या लोद गावातून लिहिते. जन्म मुंबईचा, माहेर उमरखाडीचं, मराठी अजून शाबूत आहे, शुद्धलेखन समजून घ्या.

माझी आजी मंडळात होती. जेरुशाबाईंना तिने पाहिलं होतं, पण तिच्या तोंडी जास्त करून मंडळाच्या इतर बायका असायच्या, ज्यांची नावं कुठल्याच पुस्तकात येणार नाहीत. बुधवारी दुपारी पुरुष कामावर गेले की बायका एकीच्या घरी जमायच्या. शिवणाचं एकच मशीन, पायाचं. ते खोलीखोलीतून फिरायचं. विधवेच्या घरी महिनाभर मशीन ठेवायचं, तिने परकर-पोलकी शिवून चार पैसे गाठीला बांधायचे, मग ते पुढच्या घरी. ते हलवायला चाळीतली दोन पोरं लागायची आणि प्रत्येक वेळी जिन्यात कठडा खरवडला जायचा, त्यावरून घरमालकाशी भांडण ठरलेलं.

आजीकडे मंडळाची एक हिशेबाची वही बरीच वर्षं होती. जमेच्या बाजूला नावं होती. कुणी दोन आणे, कुणी चार आणे. खर्चाच्या बाजूला एकही नाव नव्हतं. 'खोली १४, तांदूळ.' 'खोली ३१, औषध.' 'माळ्यावरची, फी.' मी लहानपणी विचारलं की नाव का नाही लिहिलं, तर आजी म्हणाली, वही सगळ्यांच्या हातात जाते गं, उद्या त्या खोलीतल्या पोरीचं लग्न ठरायचं आहे.

आता टवाळभाऊंना. तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. मंडळ समाजापुरतंच होतं. आणि समाजाच्या आतही सगळं गोडगोड नव्हतं. आमच्यात गोरे आणि काळे असा भेद होता. कातडीच्या रंगाशी त्याचा संबंध नाही. वंश 'शुद्ध' मानलेले ते गोरे, आणि मिश्र लग्नातून आलेले ते काळे. सोयरिक नाही, भांडी वेगळी. माझी एक चुलत आजी काळ्यांत दिली म्हणून दहा वर्षं तिच्याशी बोलणं बंद होतं. पण शिवणाच्या मशिनाच्या यादीत तिचं नाव होतं. कारण यादी बायकांकडे होती, आणि सोयरिकीचं ठरवणं पुरुषांकडे. याहून जास्त काही मी त्यातून काढत नाही. जेवायला त्या तिला बोलावत नव्हत्या, हेही तितकंच खरं.

हलवाप्रेमी

लोदवालीताई, चिकाच्या हलव्याची पाककृती द्याल का प्लीज? अवांतराबद्दल क्षमस्व.

लोदवाली

वेगळा धागा काढा, तिथे देते. गहू तीन दिवस भिजवायची तयारी असेल तरच विचारा.

टवाळ_कार्टं

डॉक्टर, मुद्दा मान्य. चौकशीबद्दल मला माहीत नव्हतं. पण ते काम जेरुशाबाईंनी डॉक्टर म्हणून केलं, ज्यू बाई म्हणून नाही. एखादी पारशी किंवा ख्रिस्ती डॉक्टरीणही तेच करती. धर्माचा संबंध कुठे आला? उगाच प्रत्येक गोष्टीला 'अमुक समाजाचं योगदान' असं लेबल का?

आक्षीकर

टवाळ, प्रश्न रास्त आहे. संबंध लंडनहून आला असं मला वाटतं.

जेरुशाबाई तिथे होत्या त्या काळात लंडनच्या ज्यू समाजात लिली माँटेग्यू नावाची बाई बरीच गाजत होती. श्रीमंत बँकरची मुलगी. एकोणीस वर्षांची असताना, १८९३ मध्ये, तिने सोहो भागात काम करणाऱ्या गरीब ज्यू मुलींसाठी क्लब काढला. दिवसभर शिलाईच्या कारखान्यात राबून आलेल्या पोरी संध्याकाळी तिथे यायच्या. आधी गाणी, वाचन, शिवण. मग तिच्या लक्षात आलं की पोरी इतक्या दमलेल्या असतात की गाणी कसली म्हणतात! तेव्हा ती कामाचे तास, मजुरी, कारखान्यातली हवा यांच्या मागे लागली. आणि याच मुलींना सिनेगॉगमधली प्रार्थना कळत नाही, शनिवारी कामावर जावं लागतं म्हणून तिथे जाताही येत नाही, हे बघून तिने क्लॉड माँटेफिओरींच्या साथीने १९०२ मध्ये 'ज्यूइश रिलिजस युनियन' काढली. वडील कट्टर सनातनी. ते इतके नाराज झाले की मृत्युपत्रात अट घातली, हे काम चालू ठेवलंस तर वारशाला कात्री. तिने काम चालू ठेवलं.

जेरुशाबाई लंडनमध्ये या मंडळींच्या संपर्कात आल्या. मुंबईत काढलेल्या संस्थेचं नावही तेच ठेवलं, हे वर आलंच आहे. म्हणजे त्यांच्या लेखी दवाखाना, मंडळ आणि प्रार्थनेत बाईने कुठे बसायचं हा प्रश्न ही तीन वेगळी खाती नव्हती.

जाता जाता: लिलीचा सख्खा भाऊ एडविन. १९१९ च्या माँटेग्यू-चेम्सफर्ड सुधारणांवाला भारतमंत्री माँटेग्यू तो हाच. आपल्याला शाळेत भावाचं नाव पाठ करायला लावलं. बहिणीचं कुणी सांगितलंच नाही.

न्यूजर्सीची_सून

वा, फार छान चाललाय धागा. इकडची थोडी भर.

शिकागोची सर्वधर्मपरिषद, १८९३. विवेकानंदांमुळे आपल्याला ती तोंडपाठ. त्याच परिषदेच्या निमित्ताने ज्यूंचंही अधिवेशन भरायचं होतं. हॅना सॉलोमन नावाच्या शिकागोच्या बाईंना संयोजकांनी बायकांचा सहभाग जमवायला सांगितलं. त्यांनी गावोगावी हाताने पत्रं लिहून बायका गोळा केल्या. मग कळलं की कार्यक्रमपत्रिकेत बायकांना बोलायला जागाच नाही, त्यांनी आल्यागेल्याला कॉफी द्यायची आहे. सॉलोमनबाई बायकांना घेऊन बाहेर पडल्या आणि स्वतःचं वेगळं अधिवेशन भरवलं. त्यातून 'नॅशनल कौन्सिल ऑफ ज्यूइश विमेन' उभी राहिली, ती आजही चालू आहे.

या कौन्सिलच्या बायका पुढे न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर जाऊन उभ्या राहायच्या. पूर्व युरोपातून एकट्या पोरी जहाजाने उतरायच्या. हातात कुणाचा तरी पत्ता, भाषा फक्त यिडिश, म्हणजे तिकडच्या ज्यूंची बोली. धक्क्यावर दलाल टपलेले. गोड बोलून 'तुझ्या मामाने पाठवलंय' म्हणत घेऊन जायचे आणि पोरगी थेट वेश्यावस्तीत. कौन्सिलच्या बायका यिडिशमध्ये बोलून पत्ता खरा आहे का बघायच्या, नातेवाइकाकडे पोचवायच्या, नंतर जाऊन चौकशीही करायच्या. हाच व्यापार जर्मनीत बर्था पापेनहाइमने अंगावर घेतला. तिने १९०४ मध्ये ज्यू स्त्रियांचा संघ काढला, आणि फ्रँकफर्टजवळ अशा मुलींसाठी आणि कुमारी मातांसाठी निवारा उभारला. समाजातले पुढारी तिच्यावर चिडायचे. विकणारे आणि विकल्या जाणाऱ्या दोन्ही आपलेच, हे चारचौघांत बोललं तर ज्यूद्वेष्ट्यांना आयतं कोलीत मिळेल, अशी त्यांना भीती. तिचं म्हणणं, गप्प बसणं म्हणजे त्या पापात भागीदार होणं.

मुंबईकरांनो, हे लांबचं वाटून घेऊ नका. त्या काळी कामाठीपुऱ्याजवळ 'सफेद गल्ली' होती. तिथे युरोपातून आणलेल्या मुली असायच्या, आणि त्यांत पूर्व युरोपातल्या ज्यू मुलीही होत्या. जिथे लोदवालीताईंची आजी शिवणाचं मशीन फिरवत होती तिथून चालत जाण्याच्या अंतरावर.

टवाळ_कार्टं

सफेद गल्लीबद्दल माहीत होतं, पण त्या मुली कुठल्या हा विचार कधी केला नाही. कॉफीचा किस्सा जबरी. आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत चहा अजून बायकाच देतात.

न्यूजर्सीची_सून

टवाळ, मग हेही ऐका. सॉलोमनबाई खात्यापित्या घरच्या होत्या. गरिबांच्या पोरींनी दुसऱ्या टोकाने सुरुवात केली. १९०९ च्या नोव्हेंबरात न्यूयॉर्कमध्ये शर्टवेस्ट, म्हणजे बायकांचे ब्लाऊज, शिवणाऱ्या कामगारांची सभा होती. पुढाऱ्यांची भाषणं संपता संपेनात. संप करायचा की नाही यावर नुसती चर्चा. क्लारा लेमलिच नावाची तेवीस वर्षांची पोरगी उठली, थेट व्यासपीठावर गेली आणि यिडिशमध्ये म्हणाली की बोलणं पुरे झालं, सार्वत्रिक संप करा. वीस हजारांच्या वर कामगार संपावर गेले. त्यात बहुतेक पोरी, त्यातही बहुतेक ज्यू. काही मालकांनी मागण्या मान्य केल्या. ट्रँगल नावाच्या कारखान्याच्या मालकांनी युनियनला दारात उभं केलं नाही. १९११ च्या मार्चमध्ये तिथेच आग लागली, एक दार कुलूपबंद, १४६ जीव गेले. ट्रँगलचे मालकही ज्यूच होते. त्यामुळे 'आपल्या समाजाची सेवा' हे प्रकरण तिथे वेगळंच झालं. पोरी लढत होत्या त्या आपल्याच माणसांविरुद्ध.

वकीलीणबाई

उशिरा आले. टवाळ यांनी विचारलं होतं की न्याय कुठे आहे. मी तो शब्दशः कोर्टातच दाखवते.

रेजिना गुहा. कलकत्ता. आई बगदादी ज्यू, वडील बंगाली वकील, घर ज्यू वळणाचं. एम.ए. झाली, कायद्याची पदवी घेतली, आणि १९१६ मध्ये अलीपूरच्या जिल्हा कोर्टात वकिलीची सनद मागितली. अर्ज हायकोर्टात गेला. कायद्यात 'व्यक्ती' असा शब्द होता. हायकोर्ट म्हणालं, त्यात बाई धरायची नाही, सर्वनाम 'तो' आहे. अर्ज फेटाळला. आमच्या लॉ कॉलेजात हा खटला एका ओळीत उरकला होता. ओळ वाचल्यावर अख्खा वर्ग हसला, आणि सरांनी पुढचं पान उलटलं.

रेजिना फार जगली नाही. पण तिचा आणि तिच्यानंतर पाटण्याच्या सुधांशुबाला हाजरांचा असे दोन अर्ज नाकारले गेल्यावर प्रश्न कायदेमंडळापर्यंत गेला. १९२३ च्या कायद्याने बायकांना वकिलीची दारं उघडली. मी रोज सकाळी बँड लावून कोर्टात उभी राहते ती त्या कायद्यावर.

रेजिनाची बहीण हॅना सेन. ती शिक्षणात गेली. दिल्लीच्या लेडी अर्विन कॉलेजची पहिली संचालिका. फाळणीनंतर निर्वासित बायका आणि मुलांच्या पुनर्वसनात होती, आणि पन्नासच्या दशकाच्या सुरुवातीला अखिल भारतीय महिला परिषदेची अध्यक्ष. दोन बहिणी, एक दार ठोठावून हरली, दुसरीने दुसऱ्या दाराने आत जाऊन खुर्ची घेतली.

टवाळ, तुमचं 'पारशी किंवा ख्रिस्ती बाईनेही केलं असतं' हे खरंच आहे. केलंच की. कॉर्नेलिया सोराबजी, मिठन लाम. या सगळ्या लहान लहान समाजांतल्या होत्या, हा योगायोग मानायला मी तयार नाही. मोठ्या समाजात मुलीला शिकवलं तर शंभर घरं नावं ठेवतात. लहान समाजात सगळ्यांनाच माहीत असतं की प्रत्येक डोकं लागणार आहे.

डॉ_परळ

शेवटचा मुद्दा मला पूर्ण पटत नाही. लहान समाजात तर नावं ठेवणारे घरातच असतात. लोदवालीताईंनी चुलत आजीचं सांगितलंय ते पुन्हा वाचा.

वकीलीणबाई

हो, पण त्या चुलत आजीच्या पोरी शिकल्या की नाही ते विचारा.

लोदवाली

शिकल्या. एक नर्स, एक बालवाडीत बाई. डॉक्टर, वकीलीणबाई, तुम्हा दोघांचंही म्हणणं खरं आहे, भांडू नका.

मला राहवत नाही म्हणून पुढचं सांगते. इकडे आल्यानंतरचं.

१९४८ नंतर आमची माणसं इकडे यायला लागली. मुंबईत ज्यू म्हणून कुणी कधी हाडतहुडुत केलं नव्हतं. इथे आल्यावर रंगावरून सुरू झालं. नोकरी, घर, सगळीकडे मागे. १९५१-५२ मध्ये काही कुटुंबांनी सरळ ठिय्या मारला, आम्हाला भारतात परत पाठवा म्हणून. काही खरंच परत गेली आणि नंतर पुन्हा आली.

त्याहून वाईट १९६२ मध्ये. मुख्य रब्बींच्या (ज्यू धर्मगुरूंच्या) कचेरीने फतवा काढला की बेने इस्राएल माणसाचं दुसऱ्या ज्यूशी लग्न लावण्याआधी त्याची आईकडची पिढी तपासा. आई, आजी, पणजी, जितकं मागे जाता येईल तितकं. आमच्यात ज्यूपण आईकडून येतं, म्हणून तपासायच्या त्या बायका. ज्या आजीने अख्खं आयुष्य शब्बाथचा (शनिवारच्या पवित्र दिवसाचा) दिवा चुकवला नाही, तिच्या नावापुढे प्रश्नचिन्ह. तेही कोकणातल्या गावात, जिथे कागद म्हणजे ग्रामपंचायतीचा दाखला मिळाला तर मिळाला.

१९६४ च्या उन्हाळ्यात आमची माणसं जेरुसलेमला जाऊन बसली. माझी आई गेली होती. कडेवर भाऊ, पिशवीत भाकऱ्या आणि सुक्या जवळ्याची… नाही, जवळा नव्हे, तो आम्हाला चालत नाही, बटाट्याची भाजी. ती सांगायची, वर्तमानपत्रवाले पुरुषांचे फोटो काढायचे. बायका मागे सावलीत मुलांना घेऊन बसलेल्या. एका पत्रकाराने आईला मोडक्या इंग्रजीत विचारलं, तुम्हाला काय हवंय? आई म्हणाली, माझ्या आईचं नाव. त्याला कळलं नाही, त्याने लिहून घेतलं नाही.

ऑगस्टमध्ये इथल्या संसदेने ठराव केला की बेने इस्राएल सर्व बाबतींत पूर्ण ज्यू आहेत, आणि रब्बींच्या कचेरीला फतव्यातला आमच्या नावाचा उल्लेख काढावा लागला.

मनुआजी

काय बोलू. आईंना नमस्कार सांगा, असतील तर.

लोदवाली

नाहीत आजी. पण भाऊ आहे, त्याला सांगते. त्याला भाकरी आठवते, बाकी काही नाही.

टवाळ_कार्टं

मी गप्प. (हे दुर्मिळ आहे, नोंद घ्यावी.) एकच विचारतो, आज मुंबईत यातलं काय उरलंय?

आक्षीकर

टवाळ, समाज आता चार-पाच हजारांवर आलाय, बरेचसे ठाणे-मुंबईत. सणासुदीला मशिदी भरतात, एरवी प्रार्थनेला लागणारे दहा पुरुष जमवताना नाकी नऊ येतात. कदूरी शाळा माझगावला चालू आहे. समाजच पांगला, तेव्हा जुन्या धर्तीची मंडळंही रोडावली. वृद्धांची विचारपूस, सणाचं सामान पोचवणं, एकट्या राहणाऱ्यांना दवाखान्यात नेणं ही कामं मात्र अजून होतात, आणि करणाऱ्या बहुतेक बायकाच. त्यांची नावं मी इथे देणार नाही. त्यांना विचारलेलं नाही.

डॉक्टर, त्या १९४१ च्या अहवालावर तुम्ही स्वतंत्र लिहाल का? त्या काळच्या मुंबईतली चाळ, सुईण, बाळंतिणीची खोली यांसकट. इथे चार ओळींत ते उरकलं जातंय.

डॉ_परळ

लिहितो. आधी तो अहवाल पुन्हा मिळवून वाचू द्या. एका लायब्ररीत दोनदा विचारलं, दोन्ही वेळा 'बांधणीला गेलाय' म्हणाले.

वकीलीणबाई

मी रेजिना गुहावर काढते धागा. कोर्टाला सुट्टी लागली की. निकालातले उतारे मराठीत टाकेन, 'तो' म्हणजे फक्त पुरुषच हे ठरवायला न्यायमूर्तींनी कुठले कुठले जुने इंग्रजी निवाडे उकरून काढले ते वाचण्यासारखं आहे.

हलवाप्रेमी

हलव्याचा धागा काढलाय. गहू भिजत घातले. लोदवालीताई, पाणी रोज बदलायचं ना?

लोदवाली

रोज. आणि झाकून ठेव, नाहीतर वास सुटतो.